‘सर, एआय वापरला तर पेपर घेता का?’ आणि पाठोपाठ येणारे बाकीचे प्रश्न

आमची सहामाही संशोधन पत्रिका सांगलीतून निघते. सामाजिक शास्त्रं, भाषा, वाणिज्य आणि थोडं शेतीचं अर्थशास्त्र असा तिचा आवाका. लेखक बहुतेक इथलेच. जत, आटपाडी, कडेगावच्या कॉलेजांत शिकवणारे, कराड-साताऱ्याकडचे पीएचडीचे विद्यार्थी, आणि मधूनच एखादे निवृत्त सर. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत फोनवर एकच प्रश्न यायचा, ‘अंक कधी?’ आता एआयचेच प्रश्न जास्त. तीच उत्तरं चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपवर आणि कॉलेजच्या जिन्यात देऊन झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. इथे लिहिलेला नियम आमच्या पत्रिकेचा आहे. दुसऱ्या जर्नलला पाठवणार असाल तर त्यांच्या सूचना आधी वाचा, सगळीकडे एकच पद्धत नाही.

एआय वापरून लिहिलेला पेपर घेता का?

एआयकडून काय करून घेतलं, त्यावर आहे. वाक्यं नीट करून घेतली, चालेल. मथळ्याचे चार पर्याय मागितले, चालेल. एक्सेलमधलं सूत्र अडलं होतं ते विचारलं, जरूर विचारा. पण प्रश्न त्यानं काढला, मांडणी त्यानं केली, निष्कर्षही त्याचेच आणि तुम्ही वर फक्त नाव घातलंत, तर तो पेपर तुमचा नाही, आणि तो आम्हाला नको.

आमची कसोटी जुनीच आहे. तुम्हाला समोर बसवून पेपरातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं आणि ‘हे कशावरून?’ विचारलं, तर उत्तर देता आलं पाहिजे. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत हेच होतं की.

चॅटजीपीटीला सहलेखक म्हणून घालू का? प्रामाणिकपणा म्हणून विचारतोय.

भावना पोचली, पण नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस आलं आणि पुढच्या दोन महिन्यांत काही पेपरांवर त्याचं नाव लेखक म्हणून झळकलंही. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन विज्ञान-जर्नलांनीही ते चालणार नाही असं सांगितलं. फेब्रुवारीत प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या ‘कोप’ या समितीनं तेच म्हटलं. कारण साधं आहे. लेखक म्हणजे चूक निघाली तर जबाब देणारा, हितसंबंध जाहीर करणारा, हक्कपत्रावर सही करणारा माणूस. यंत्र सही करत नाही आणि त्याला नोटीसही बजावता येत नाही.

माझं इंग्रजी कच्चं आहे. एआयकडून सुधारून घेतलं तर ती लबाडी का?

नाही. या प्रश्नात जी अपराधी भावना असते ती मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मराठी माध्यमात शिकलेला, पंधरा वर्षं खेड्यातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस द्राक्षबागायतदारांच्या कर्जावर जे लिहू शकतो ते मुंबईतल्या फर्ड्या इंग्रजीवाल्याला जमणार नाही. तरी आजवर त्याचा पेपर ‘भाषा अपुरी’ एवढ्या शेऱ्यानं परत यायचा. ऐपत असलेले लोक भाषा-संपादनाला पैसे मोजायचे आणि त्याला कोणी लबाडी म्हणत नव्हतं. तेच काम आता फुकटात होत असेल तर मला त्याचा आनंदच आहे.

स्प्रिंगर नेचर, एल्सेव्हियर यांसारखे मोठे प्रकाशकही निव्वळ व्याकरण, शुद्धलेखन, विरामचिन्हं सुधारली तर वेगळं जाहीर करायला लावत नाहीत. मजकूर तयार करून घेतला, तर मात्र सांगावं लागतं. आमच्याकडे आम्ही एक ओळ दोन्ही वेळी मागतो. कारण ‘नुसतं व्याकरण’ कुठं संपतं आणि ‘नवा परिच्छेद’ कुठं सुरू होतो, हे लेखकालाच कळेनासं होतं. तुम्ही लिहिता, ‘कर्जमाफीनंतर काही शेतकऱ्यांनी पुन्हा सावकाराकडे धाव घेतली असावी.’ यंत्र ते गुळगुळीत करतं आणि इंग्रजीत ‘असावी’ गायब होतं, ‘काही’चं ‘बहुसंख्य’ होतं. व्याकरण सुधारलं, पण दावाही बदलला. म्हणून सुधारलेली प्रत मूळ प्रतीच्या शेजारी ठेवून वाचा. ‘कदाचित’, ‘काही’, ‘बहुधा’ हे शब्द जागेवर आहेत का, ते आधी बघा.

अख्खा लेख मराठीत लिहून एआयनं इंग्रजी करून घेतला तर?

घ्या, पण डोळ्यांत तेल घालून वाचा. आमच्याकडे हळदीच्या साठवणीवर एक लेख आला होता. विषय सुरेख, हरिपूरच्या पेवांचा. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस खड्डा. तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद टिकते. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली, म्हणून असा लेख हवाच होता. पण इंग्रजी प्रतीत मथळाच आला ‘ट्रॅडिशनल बेव्हरेजेस ऑफ हरिपूर’. यंत्रानं पेवाचं पेय करून टाकलं होतं. पुढं एका ठिकाणी ‘शेतकरी माल पेवात ठेवत’ याचं ‘शेतकरी माल पेयात ठेवत’ झालेलं. लेखकानं ते वाचलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्या पहिल्या वाचकानंही नाही. दुसऱ्याच्या लक्षात आलं, कारण त्यांचं आजोळ हरिपूरचं.

म्हणून आमची अट अशी की भाषांतर यंत्राचं असेल तर मूळ मराठी प्रतही जोडायची. अडत, सौदा, पेढी, हुंडेकरी, पाणीपट्टी, गुऱ्हाळ असे शब्द इंग्रजीत करू नका. तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ सांगा. आणि इंग्रजीचा अट्टहास कशाला, हेही जाता जाता. आम्ही मराठी लेख घेतो आणि मनापासून घेतो.

जाहीर करायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?

संदर्भसूचीच्या आधी दोन-तीन ओळी. कुठलं साधन, कधी, कशासाठी आणि नंतर तुम्ही काय तपासलं. नमुना देतो:

‘या लेखाच्या इंग्रजी भाषांतरासाठी मार्च महिन्यात चॅटजीपीटीचा वापर केला. सर्व पारिभाषिक शब्द, आकडे आणि संदर्भ लेखकानं मूळ प्रतीशी व मूळ साधनांशी ताडून पाहिले आहेत. लेखातील मजकुराची जबाबदारी लेखकाची आहे.’

पुरे. यंत्राचे आभार मानायची गरज नाही, काही जण मानतात. आणि ‘एआयचा किरकोळ वापर केला’ असं मोघम लिहू नका. किरकोळ म्हणजे काय, हे विचारायला आम्हाला परत फोन करावा लागतो. विश्लेषणासाठी एआय वापरला असेल, म्हणजे मुलाखतींचं वर्गीकरण वगैरे, तर ते संशोधन पद्धतीच्या भागातच आलं पाहिजे.

जाहीर केलं की पेपर नाकारतील, असं सगळे म्हणतात.

आमच्याकडे आजवर निवेदनामुळे एकही लेख परत गेलेला नाही. लपवल्यामुळे गेलेत.

संदर्भसूची एआयकडून करून घेतली तर चालेल का?

तुमच्याकडे असलेले संदर्भ ठरावीक पद्धतीत मांडून घ्यायचे असतील तर चालेल. संदर्भ शोधून द्यायला सांगितलंत आणि आलेली यादी तशीच चिकटवलीत, तर तिथेच आपला संबंध संपतो. बाकी बऱ्याच बाबतीत मी समजून घेतो, या एका बाबतीत नाही.

भाषेचं हे यंत्र ग्रंथालयासारखं नसतं. ते कपाटातून पुस्तक काढून देत नाही, पुढचा शब्द कोणता शोभेल ते ठरवतं. त्यामुळे संदर्भही शोभतील असे बनवतं. खरा लेखक, खरं जर्नल, पटण्यासारखं वर्ष आणि त्या सगळ्यात नसलेला लेख. इंटरनेटवर शोध घेणारी नवी साधनं बरी आहेत, पण तीही खऱ्या लेखाच्या तोंडी भलतंच विधान घालतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खोटे निवाडे कोर्टात सादर केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. त्यांनीही कुठं पडताळलं होतं?

मराठी विषयांत हा धोका जास्त, कारण आपली जुनी पुस्तकं, गॅझेटियर, स्मरणिका नेटवर धड नाहीत. यंत्राला माहीत नसतं, पण ‘माहीत नाही’ म्हणायची त्याला सवय नाही. एका लेखात एकतीस संदर्भ होते. आमच्या ग्रंथपाल मॅडम दुपारभर बसल्या. नऊ सापडेनात. लेखकांना फोन केला तर म्हणाले, ‘मॅडम, लायब्ररीत नसतील.’ मॅडम म्हणाल्या, ‘सर, जगात नाहीत.’

तपासायची रीत सोपी आहे. डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, असेल तर तो ब्राउझरमध्ये टाका, तोच लेख उघडतो का बघा. पुस्तक असेल तर ते हातात घ्या, पान क्रमांक उघडा आणि तुम्ही म्हणता ते तिथे आहे का वाचा. ज्या पुस्तकाचं पान तुम्ही स्वतः उघडलं नाही ते सूचीत घालू नका. हा नियम एआयच्या आधीपासूनचा आहे आणि तेव्हाही पाळला जात नव्हता, हे मान्य.

संदर्भ सोडा, साधी माहिती तरी बरोबर असते ना?

प्रतिसरकारवरच्या एका लेखात वाक्य होतं, ‘१९४३ साली सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव व खानापूर या तालुक्यांत…’ वाचायला ठीक वाटतं. पण १९४३ साली सांगली जिल्हाच नव्हता. हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान, आणि कुंडल तर औंध संस्थानात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि त्याचं नाव सांगली झालं ते १९६० मध्ये. ज्या चळवळीत ब्रिटिश हद्द आणि संस्थानी हद्द यांतला फरक हाच भूमिगतांच्या डावपेचांचा भाग होता, तिच्यावरच्या लेखात ही चूक किरकोळ म्हणता येत नाही. लेखक स्वतः वाळव्याचे. त्यांनी हाताने लिहिलं असतं तर हे वाक्य आलंच नसतं, असं तेच नंतर म्हणाले.

एआयचं लिखाण ओळखणाऱ्या डिटेक्टरनं माझा पेपर ७८ टक्के एआय दाखवला. मी तर स्वतः लिहिलाय!

असेल, आमचा विश्वास आहे. डिटेक्टरच्या आकड्यावर आम्ही कुणालाही दोषी धरत नाही.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला. त्यांच्याच चाचणीत तो एआयनं लिहिलेल्या मजकुरातला २६ टक्केच ओळखायचा आणि माणसानं लिहिलेल्या ९ टक्के मजकुरालाही एआयचा ठरवायचा. जुलैमध्ये त्यांनी तो बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे म्हणून दाखवले गेले. कारण समजण्यासारखं आहे. दुसऱ्या भाषेत लिहिणारा माणूस मोजके शब्द आणि पाठ झालेल्या वाक्यरचना वापरतो, आणि डिटेक्टर नेमकं तेच हुडकतो. म्हणजे आपणच. गंमत म्हणून मी एका डिटेक्टरला माझं २००९ सालचं इंग्रजी संपादकीय दिलं. अर्ध्याहून अधिक एआय निघालं. तेव्हा आमच्या कार्यालयात इंटरनेटसुद्धा धड नव्हतं.

तरी एक काळजी घ्या. मसुदे जपून ठेवा. वर्डच्या जुन्या फायली, वहीतली टिपणं, गाईडनी लाल पेननं खुणा केलेली प्रत. विद्यापीठात कुणी बोट दाखवलंच तर हीच कागदपत्रं कामाला येतात.

पण यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) १० टक्क्यांची मर्यादा आहे ना?

ती वेगळी. वाङ्मयचौर्याबद्दलची यूजीसीची २०१८ ची नियमावली साम्याबद्दल बोलते, म्हणजे तुमचा मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो. १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, दंड नाही. प्रबंधाच्या बाबतीत १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर दुरुस्त प्रत देता येत नाही, त्यावर गेलं तर नोंदणी रद्द. अवतरण देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची वगैरे यातून वगळतात. एआयचा टक्का हा वेगळाच अंदाज आहे आणि २०१८ च्या त्या नियमांत तो नाही, तेव्हा चॅटजीपीटी होतंच कुठं? दोन अहवाल एकाच पिशवीत घालून ‘सर, १० च्या आत आणून द्या’ म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. त्यात काही गाईडही आले.

साम्य कमी करायला पॅराफ्रेज करणारी, म्हणजे तोच मजकूर शब्द बदलून देणारी साधनं वापरली तर?

नका. ही चोरीवर रंगसफेदी आहे, आणि रंग लगेच दिसतो. फ्रान्समधल्या गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे ‘छळलेले शब्दप्रयोग’ हुडकले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’. मराठीतही ही लागण आलीय. आमच्याकडे ‘स्वयंसहाय्यता बचत गटा’चं ‘आत्म-मदत साठवण समूह’ करून पाठवलेला लेख आहे. लेखिका स्वतः दहा वर्षं बचत गट चालवतात. त्यांनी असा शब्द उभ्या जन्मात उच्चारला नसेल.

‘ह्यूमनायझर’ नावाची जी नवी साधनं निघालीत, त्यांनाही हेच लागू. एआयनं लिहायचं आणि दुसऱ्या एआयनं ते माणसासारखं करायचं, यापेक्षा आपणच लिहिलं तर वेळ कमी लागतो.

चित्रं आणि आलेख?

आलेख तुमच्या आकड्यांवरून, तुम्ही तपासलेल्या पद्धतीनं काढला असेल तर काही अडचण नाही. छायाचित्र, नकाशा, सूक्ष्मदर्शकाखालची प्रतिमा एआयनं ‘तयार’ केलेली असेल तर नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रंटियर्स या प्रकाशकाच्या एका जर्नलमध्ये मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयनं काढलेलं उंदराचं चित्र छापून आलं. अवयव अचाट आकाराचे आणि नावं निरर्थक अक्षरांची. तीन दिवसांत पेपर मागे घ्यावा लागला. लेखकांनी मिडजर्नीचा उल्लेख पेपरात केला होता बरं का. म्हणजे जाहीर केलं की सुटलो, असंही नाही.

मुलाखती एआयला देऊन सारांश काढून घेऊ का?

जतच्या कोरडवाहू भागातल्या बाईनं तुम्हाला नवऱ्याचं कर्ज, घरातली मारहाण, पोरीचं अर्धवट राहिलेलं शिक्षण सांगितलं ते तुमच्या वहीसाठी. संमतीपत्रात तुम्ही ‘माहिती गोपनीय राहील’ असं वाचून दाखवलंत आणि तिचा अंगठा घेतलात. तीच मुलाखत नाव-गावासकट एखाद्या फुकट चॅटबॉटमध्ये चिकटवली, तर ती कुठल्या सर्व्हरवर गेली हे तुम्हालाही ठाऊक नाही. नुसतं नाव काढूनही भागत नाही. ‘अमुक वाडीतली, दोन मुली असलेली अंगणवाडी सेविका’ म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं.

वापरायचंच असेल तर संमतीपत्रात तसं आधी सांगा, ओळख पटेल असं सगळं काढा आणि तुमचा मजकूर एआयच्या प्रशिक्षणाला वापरला जातो का, ती सेटिंग बघा. एवढं करूनही मी म्हणेन, वीस मुलाखती असतील तर हातानंच वाचा. त्या बाईचं ‘चाललंय की, बघायचं’ हे वाक्य सारांशात ‘समाधानी’ म्हणून येतं.

माझ्याकडे पेपर परीक्षणाला आलाय. एआयकडून अभिप्राय काढून देऊ का?

नाही. तो पेपर तुमचा नाही, छापलेला नाही, आणि तुमच्याकडे विश्वासानं आलाय. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेनं जून २०२३ मध्येच अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षकांना हे करायला बंदी घातली. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही गोपनीयतेची खात्री नसेल तर हस्तलिखित अशा साधनात घालू नका असंच सांगते. स्वतः लिहिलेल्या अभिप्रायाची भाषा सुधारायची असेल तर पेपरातला मजकूर त्यात न घालता सुधारा आणि आम्हाला कळवा.

यातली दुसरी बाजूही मजेशीर आहे. २०२५ च्या जुलैत जपानच्या ‘निक्केई’ या वृत्तपत्रानं ‘अर्काइव्ह’ या छपाईपूर्व पेपरांच्या संकेतस्थळावरचे १७ पेपर शोधून काढले, ज्यांत पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात ‘फक्त चांगला अभिप्राय द्या’ अशा सूचना यंत्रासाठी लपवल्या होत्या. परीक्षक वाचणार नाही, याची लेखकांना एवढी खात्री! आम्ही मानधन देत नाही, हे आम्हाला कळतं. वेळ नसेल तर सरळ नाही म्हणा, राग नाही.

‘पेपर लिहूनही देतो, आठ दिवसांत छापूनही देतो’ असा मेसेज आलाय.

सगळ्यांनाच येतो. पैसे भरू नका. पीएचडीसाठी प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं २०२२ च्या नियमावलीत काढली, तेव्हा विद्यापीठाचा आजचा नियम आधी विचारा, घाबरून जाऊ नका. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘आमचं जर्नल केअर लिस्टेड’ म्हणून पैसे मागणारा तर शिळीच भाकरी वाढतोय. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यांतले आठ हजारांहून जास्त हिंदवी या एकाच प्रकाशनाचे. त्यामागे असे कारखानेच होते. मागे घेतलेला पेपर पुसला जात नाही. तुमच्या नावासकट, ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का मारून, नेटवर तसाच राहतो.

माझा लेख तुमच्या मागच्या अंकात आलाय. एआय वापरला होता, सांगितलं नव्हतं. आता?

आता सांगा. ईमेल करा, फोन नको, नोंद राहिली पाहिजे. कुठल्या भागात वापरला ते लिहा आणि त्या भागातले संदर्भ पुन्हा उघडून बघा. भाषेपुरता वापर असेल तर पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापू. संदर्भ किंवा आकडेच खोटे निघाले तर लेख मागे घ्यावा लागेल, पण सूचनेत ‘लेखकाने स्वतःहून कळवल्यावरून’ हे शब्द आम्ही घालू. आजवर असं पत्र एकदाच आलं. लेखिकेनं चार संदर्भ स्वतःच खोडून पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘पाचवं पुस्तक सांगलीच्या नगर वाचनालयात बघून सोमवारी कळवते.’ सोमवारी कळवलं. पुस्तक होतं, पान चुकलं होतं.